प्रोफेसर एक्सची खुर्ची

"आयुष्यभर शेक्सपिअर केलेला माणूस सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये कशाला गेला?" तालमीला येणारी पोरं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक मला हे हमखास विचारतात. विषय इंग्रज नट पॅट्रिक स्टुअर्टचा असतो, कारण त्याचं नाव मीच ऊठसूट काढतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, 'रंगभूमी सोडली ती पैशासाठीच ना?' असेल. पैसे घेऊन काम करणाऱ्या नटाला आपण कधीपासून नावं ठेवायला लागलो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 1940 साली यॉर्कशायरमधल्या मिरफील्डला त्याचा जन्म. आई गिरणीत विणकर, बाप लष्करातला आणि घरात बायकोवर हात उगारणारा. हे स्टुअर्ट स्वतः जाहीरपणे सांगत आला आहे. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि गावच्या वर्तमानपत्रात नोकरी लागली. बातमीला जायच्या वेळी हा गडी हौशी नाटकाच्या तालमीत, आणि बातमी कुणाला तरी विचारून, नाहीतर सरळ मनानेच लिहिलेली! पितळ उघडं पडल्यावर त्याने नोकरी सोडली, नाटक नाही. पुढे ब्रिस्टल ओल्ड व्हिकची नाट्यशाळा, 1966 पासून रॉयल शेक्सपिअर कंपनी, 1987 पासून सात वर्षं अमेरिकेतल्या 'स्टार ट्रेक' मालिकेत अंतराळयानाचा कप्तान. इंग्लंडच्या सिंहासनांवर राजा म्हणून बसलो ती सगळी या कप्तानाच्या खुर्चीची तयारी होती, अशा अर्थाचं तो एकदा म्हणाला होता. लोक हसले असतील. मला ते शब्दशः पटतं.

कारण 2000 साली 'एक्स-मेन' या सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये त्याला मिळाली तीही खुर्चीच, चाकांची. त्याने केलेला प्रोफेसर एक्स दुसऱ्याच्या मनात शिरतो. उड्या नाहीत, हाणामारी नाही, मुखवटाही नाही. आता मन वाचणं कॅमेऱ्याला दाखवणार कसं? नटाकडे उरतात डोळे आणि आवाज. 2003च्या भागात तो संग्रहालयातली सगळी गर्दी जागच्या जागी थिजवतो. ती गर्दी याने थांबवली हे पटतं, कारण एरवीही हा माणूस सगळ्यात कमी हलणारा असतो. आमची पोरं एन्ट्री घेतली की येरझारा घालायला लागतात. त्यांना मी खुर्चीत बसवून अख्खा प्रवेश करायला लावतो. पाचव्या मिनिटाला घाम फुटतो.

पण खरं काम बघायचं तर याच प्रोफेसरचा 2017चा 'लोगन'. या भूमिकेसाठी त्याने वजन उतरवलं होतं. जगातला सगळ्यात ताकदवान मेंदू इथे म्हातारपणाने बिघडलाय. झटका आला की आसपासची माणसं जागीच आखडतात, म्हणून गोळ्या देऊन त्याला लपवून ठेवलेलं. वाटेत एक शेतकरी कुटुंब त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जेवायला थांबवतं. टेबलावर म्हातारा खुलतो, चेष्टामस्करी करतो. मग रात्री अंथरुणात पडल्यापडल्या सांगतो, की कित्येक दिवसांत अशी रात्र गेली नव्हती. आणि त्याच दमात, आपल्या हातून पूर्वी काय घडलंय ते त्याला आठवतं. आवाज चढत नाही, हुंदका नाही. सुख आणि अपराध एकाच पट्टीत बोलायचे, हे शेक्सपिअरच्या लिअर राजाच्या तोडीचं काम आहे. सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये आहे म्हणून त्याची किंमत कमी धरू नये.

आणि रंगभूमी सोडली म्हणता, तर कधी सोडली? 2007 साली चिचेस्टरला मॅकबेथ केला, पुढच्याच वर्षी हॅम्लेटमधला राजा क्लॉडियस, त्या कामाला ब्रिटिश रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाला. 2009 मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात सॅम्युअल बेकेटचं नाटक 'वेटिंग फॉर गोदो' लागलं. रस्त्यावर वाट बघत बसणाऱ्या त्या दोघांत एक स्टुअर्ट, दुसरा इयन मॅकेलन, म्हणजे पडद्यावरचा त्याचा मित्र-कम-वैरी मॅग्नेटो. प्रोफेसर एक्स आणि मॅग्नेटो एकत्र बघायचे म्हणून तिकीट काढलेली मंडळी त्या गर्दीत नक्की असणार. त्यांना अख्खा बेकेट ऐकून घरी जावं लागलं.