व्हिक्सबर्ग : दाणागोटा संपेपर्यंत

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सनहून तासाभरात व्हिक्सबर्गला पोचलो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तर विरुद्ध दक्षिण लढाईत, दक्षिणेच्या ताब्यातल्या या शहराला वेढा पडला होता. लहानपणापासून सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाची नजर आधी तटबंदी शोधते. इथे तट नाही, दगडी बुरूज नाही. नदीकाठची उंच टेकाडं, मध्ये खोल घळी आणि सगळीकडे पिवळसर, मऊ माती. ती उकरून घातलेले बांध आणि खणलेले खंदक, हाच किल्ला. तो उभारायला गुलामांनाही राबवलं होतं. १८६० साली मिसिसिपी राज्यात निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. हे राज्य अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून दक्षिणेच्या बाजूला गेलं तेही ही गुलामी टिकवण्यासाठीच. हे लक्षात ठेवूनच मी पुढे फिरलो.

१८६३च्या मे महिन्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या सैन्याने सतरा दिवसांत पाच लढाया जिंकल्या, वाटेत राज्याची राजधानी जॅक्सन घेतली आणि शहराला भिडलं. १९ आणि २२ मेचे दोन्ही हल्ले मात्र फसले. या घळींच्या तळाशी उतरून वर पाहिलं, तेव्हा का फसले ते कळलं. वरच्या बांधाआडून बंदुका चालत असताना हा चढ चढायचा! मग ग्रँटने वेढा घातला.

शर्ली हाउस हे त्या काळातलं पांढरं घर अजून उभं आहे. तिथून नागमोडी खंदक खणत सैनिक शत्रूच्या बांधापर्यंत पोचले, खाली सुरुंग भरला आणि २५ जूनला उडवला. खिंडार पडलं, तरी बुरूज हाती आला नाही. माझ्या पायाखाली आज तिथे नुसतं गवत होतं.

जवळच उत्तरेतल्या इलिनॉय राज्याचं घुमटाकार स्मारक आहे. सत्तेचाळीस पायऱ्या, वेढ्याच्या प्रत्येक दिवसाची एक. मी मोजत चढलो. विसाव्या पायरीच्या पुढे मनात सैनिकांपेक्षा शहरातली बायकामुलं यायला लागली. नदीतून आणि जमिनीवरून तोफा चालू असायच्या, म्हणून लोकांनी याच मऊ मातीत गुहा खणल्या आणि त्यांत गालिचे, खाटा नेऊन संसार मांडले. शिबंदीच्या ताटात वाटाण्याच्या पिठाची भाकर आली, मग खेचराचं मांस. कागद संपला तेव्हा तिथलं वर्तमानपत्र भिंतींना लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं गेलं. आपल्याकडे दाणागोटा संपला की गड पडतो म्हणतात. इथेही तसंच झालं. ४ जुलैला शहर राखणारा दक्षिणेचा सेनापती पेम्बर्टन याने ते स्वाधीन केलं. सुमारे २९,५०० माणसं शरण आली. हा सेनापती मूळचा उत्तरेतल्या फिलाडेल्फियाचा. आदल्याच दिवशी तिकडे पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गची लढाई संपली होती, आणि जगाला तीच जास्त ठाऊक आहे. मला विचाराल तर युद्धाचा कणा इथे मोडला. ९ जुलैला नदीवरचं दक्षिणेचं शेवटचं ठाणं पोर्ट हडसन पडलं, सगळी मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि टेक्सस, आर्कान्सा, लुईझियाना बाकीच्या दक्षिणेपासून तुटले.

२००४ साली उभारलेल्या एका स्मारकापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. दोन कृष्णवर्णीय माणसांनी मधल्या जखमी सैनिकाला सावरून धरलंय. एक शेतमजूर, त्याची नजर मागे गुलामीकडे. दुसरा सैनिक, तो पुढे बघतोय. पलीकडच्या काठावर मिलिकन्स बेंडला ७ जूनला नुकते भरती झालेले, धड शिक्षणही न मिळालेले असेच कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने संगिनींनी लढले होते. हे स्मारक व्हायला एकशे एक्केचाळीस वर्षं लागली, याचा मला राग आला.

संध्याकाळी राष्ट्रीय दफनभूमीत गेलो. उतारावर टप्प्याटप्प्यांनी कबरी आहेत, उत्तरेकडच्या सुमारे १७,००० सैनिकांच्या. खाली पाणी दिसतं, पण ती मिसिसिपी नव्हे. १८७६ मध्ये नदीने पात्र बदललं आणि पुढे याझू नदीचं पाणी कालव्याने इथे आणलं. या सतरा हजारांतले जवळपास १३,००० अनामिक आहेत. त्यांच्या कबरीवर वीतभर चौकोनी दगड, त्यावर फक्त आकडा. एका ओळीत वाकून मी तेवीस आकडे वाचले, एकेक मोठ्याने. मग फाटक बंद व्हायची वेळ झाली.