आमची वाटचाल : खातेवह्यांचा सर्व्हर लातुरातच

आडत दुकानांचा हिशोब ठेवणारे वेब ॲप्लिकेशन तयार करणे आणि ते चालते ठेवणे, हा आमचा व्यवसाय आहे. शेतमालाची आवक नोंदवणे, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याची पट्टी काढणे आणि खरेदीदाराकडील उधारी खात्यावर टाकणे, एवढे काम त्यातून होते. लातूर मार्केट यार्डातील दुकानांपासून सुरुवात झाली; पुढे उदगीर, अहमदपूर, परळी येथील व्यापारीही जोडले गेले.

प्रारंभी सर्व माहिती आम्ही एका परदेशी क्लाउड सेवेवर ठेवत होतो. तिचे बिल डॉलरमध्ये येई आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली, की बिलही फुगे. तरीही केवळ खर्चामुळे आम्ही निर्णय बदलला असता असे नाही. आपली खातेवही नेमकी कोणाच्या कपाटात असते, असे एका ज्येष्ठ आडत्यांनी विचारले, तेव्हा त्यांना यार्डाजवळच्या आमच्या कार्यालयाकडे बोट दाखवता यावे, असे वाटले.

आज त्या कार्यालयातील सर्व्हरवर डॉकर या प्रणालीचे तीन कंटेनर, म्हणजे प्रोग्राम वेगळे ठेवून चालवणारे कप्पे, चालतात : एकात आमचे ॲप्लिकेशन, दुसऱ्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि तिसऱ्यात बाहेरची प्रत्येक विनंती प्रथम स्वीकारणारी कॅडी ही वेब सर्व्हर प्रणाली. कंटेनर केव्हाही पुसून नव्याने उभा करता येतो. मात्र डेटाबेसची माहिती त्याच्याबाहेर, व्हॉल्यूम नावाच्या कायमस्वरूपी साठ्यात ठेवावी लागते, नाहीतर कंटेनरबरोबर खातीही जातात. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट पोर्टची, म्हणजे प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याच्या क्रमांकित दाराची आहे. कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट खुला केला, तर डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉल-नियमांत, स्वतःचे नियम लिहितो आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉल साधनाने घातलेली बंदी तेथे लागू पडत नाही. म्हणून आमच्या फाइलमध्ये डेटाबेसखाली पोर्टची ओळच नाही. ॲप्लिकेशन डॉकरच्या अंतर्गत नेटवर्कवरून त्याला नावाने गाठते.

ब्राउझरशी होणारी जोडणी सुरक्षित करणारी प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची आहेत. ती विनामूल्य मिळतात आणि ९० दिवस चालतात. प्रत्येक दुकानाला आम्ही स्वतंत्र सबडोमेन देतो, त्यामुळे सर्व सबडोमेनना एकच चालणारे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेणे सोयीचे ठरले. ते केवळ डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदवहीत, टीएक्सटी ही मजकुराची नोंद करून मालकी सिद्ध केल्यावरच मिळते. त्यासाठी आमच्या डीएनएस सेवेचे प्लगिन घालून कॅडी बांधून घेतली आणि तेव्हापासून नूतनीकरण आपोआप होते. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनमध्ये बंद केले, हे लक्षात घेऊन मुदतीची तारीख रोज तपासणारी छोटी स्क्रिप्टही लावली आहे. ब्रॉडबँडचा प्रश्न निराळा होता : एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेल्या जोडणीवर बाहेरून कोणाला आत येता येत नाही. स्थिर आयपी पत्ता असलेली जोडणी घेतल्यावरच तो सुटला.

विजेचे सांगायलाच नको. इन्व्हर्टर व यूपीएस आहेतच. शिवाय पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये लिहीत असल्यामुळे वीज अचानक गेली, तरी पुन्हा सुरू होताना तो त्या लॉगवरून पूर्ण झालेले व्यवहार सावरून घेतो.

सर्वाधिक वेळ मात्र बॅकअपवर जातो, आणि तो जावा असेच आमचे मत आहे. दररोज रात्री पीजी-डंप या पोस्टग्रेसच्याच साधनाने काढलेली प्रत कूटबद्ध होऊन शहराबाहेरील सर्व्हरवर जाते. यार्डाला सुट्टी असली, की ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवली जाते आणि एखाद्या दुकानाच्या आदल्या दिवसाच्या पट्ट्यांची बेरीज चालू सर्व्हरवरील आकड्याशी पैशापर्यंत ताडून पाहिली जाते. ही बेरीज जुळल्याखेरीज बॅकअप झाला, असे आम्ही मानत नाही.

पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीची डेटा डिरेक्टरी पुढच्या मुख्य आवृत्तीला थेट चालत नाही. केवळ इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा, बदलली तर कंटेनर सुरूच होत नाही. त्यामुळे फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ऐवजी नेमका आवृत्ती क्रमांक लिहिलेला असतो, हंगामात त्याला कोणी हात लावत नाही, आणि पुढची आवृत्ती तुरीची आवक ओसरल्यावर, गुढीपाडव्यानंतर चढवण्याचे ठरले आहे.