आवळा खाऊन आलेली लाळ

अकरावीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलला लाळेचा प्रयोग मी इतक्या वेळा घेतलाय की झोपेतून उठवलं तरी निकाल सांगेन. तो पोरांनाही ठाऊक असतो. मागच्या बॅचचं जर्नल हाताशी असतं, त्यामुळे निम्मी निरीक्षणं परीक्षानळी हातात घेण्याआधीच लिहून झालेली असतात.

डिसेंबरातली गोष्ट. लॅबच्या मामांनी एक टक्का स्टार्च सकाळीच शिजवून ठेवला होता. आपली लाळ कापसातून गाळायची, निम्मी उकळायची, दोन नळ्यांत स्टार्च घालून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. पांढऱ्या टाइलच्या खळग्यांत आयोडीनचे थेंब, त्यात दर दोन मिनिटांनी नळीतला एकेक थेंब. स्टार्च असेल तर निळाकाळा रंग येतो. लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तो तोडत गेलं की जांभळा, मग तांबूस, शेवटी नुसत्या आयोडीनचा पिवळा. उकळलेल्या लाळेची नळी मात्र शेवटपर्यंत निळा देते, कारण उकळल्यावर विकराची घडी विस्कटते ती विस्कटतेच.

मागच्या टेबलावरून आवाज आला, "मॅडम, माझं उकळलेलंही निळं होत नाहीये."

"नळ्या बदलल्या असतील, परत कर," मी जागेवरूनच म्हणाले. तिने परत केलं. तेच! शेजारीण कुजबुजली, "अगं, निळा लिही आणि संपव ना." ही काही लिहीना. मग मात्र मला उठावंच लागलं.

टाइलवर वाकले. निळा नव्हताच, पण पिवळाही नव्हता. खळग्यात पाण्यासारखा थेंब. स्टार्च पचला म्हणावं, तर आयोडीन कुठे गेलं?

"गुळणी केली होतीस?"

"नाही मॅडम..." मान खाली. "गेटवर आवळा खाल्ला. तिखटमीठ लावलेला."

मला हसूच आलं. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर. ते स्वतःचे दोन हायड्रोजन देऊन टाकतं, आयोडीनचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला ना स्वतःचा रंग, ना स्टार्चबरोबर निळा करण्याची ताकद. मिनिटभराच्या उकळीने विकर मेलं, क जीवनसत्त्व पुष्कळसं टिकलं.

"आणखी आयोडीन घाल," मी म्हटलं. पहिला थेंब पडला तिथे निळी रेघ उमटली आणि हलवताच विरली. दुसराही विरला. चौथ्याला खळगा निळा झाला तो तसाच राहिला. केमिस्ट्रीवाले टायट्रेशनला, म्हणजे थेंबथेंब घालून मोजताना, याच क्षणाची वाट बघत ब्युरेटखाली उभे असतात. क जीवनसत्त्व मोजायची ही जुनीच पद्धत. इथे ते टाइलच्या खळग्यात, कुणी न सांगता झालं.

न उकळलेल्या नळीच्या थेंबातही शेवटी निळाच आला. साधारण ७ पीएचला जोमाने चालणारं अमायलेज आवळ्याच्या आंबटात बसून राहिलं होतं.

एव्हाना सगळी बॅच त्या टेबलाभोवती. मी तिला गुळणी करून नव्याने लाळ घ्यायला सांगितलं. तिने बाटलीतल्या पाण्याचा घोट तोंडात घोळवला, बेसिनमध्ये टाकला आणि म्हणाली, "मॅडम, पाणी गोड लागतंय."

ते का, हे विचारायला चार हात वर झाले. तेवढ्यात मामा रिकामी बाटली दाखवत म्हणाले, "मॅडम, आयोडीन संपलं. दुपारच्या बॅचला काय देऊ?"