मुलाच्या मॅडमचा सीआरआर नंबर

माझ्या मुलाला ऑटिझम आहे. नाशिकच्या एका शाळेत पहिलीला प्रवेश घेतला तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "काळजी करू नका, आमच्याकडे ट्रेन्ड स्पेशल टीचर आहेत." त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही दीड वर्ष काढलं. रिसोर्स रूमची, म्हणजे विशेष शिक्षिका मुलांना वेगळं शिकवतात त्या वर्गाची फी वेगळी होती, तीही वेळेवर भरत गेलो.

दुसरीच्या दिवाळीनंतर तो मनगट चावायला लागला. डबा तसाच परत यायचा आणि डायरीत रोज एकच ओळ असायची, 'आज लक्ष दिले नाही.' घरी आम्ही त्याला चित्रांची पट्टी करून दिली होती. आधी आंघोळ, मग नाश्ता, मग रिक्षा. पुढे काय होणार हे दिसलं की तो शांत असतो. शाळेत अशी पट्टी वापरता का, असं मी त्याच्या विशेष शिक्षिकेला विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "मी त्याच्यासमोर बसून सावकाश, स्पष्ट बोलते. त्याने माझ्या ओठांकडे बघावं म्हणून प्रयत्न करते, पण तो बघतच नाही." हे ऐकून काहीतरी खटकलं. काय, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

थेरपी सेंटरच्या बाकावर एका आईने विचारलं, "त्यांचा सीआरआर नंबर घेतलास का?" मला तो शब्दही माहीत नव्हता. विशेष शिक्षकांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, तोच सीआरआर नंबर. नोंदणीशिवाय हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही नोंदवही परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही तिथेच सापडतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मात्र तिथे शोधू नका, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे.

त्याच रात्री मॅडमचं नाव टाकून बघितलं. काहीच आलं नाही. आडनावाचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदललं, तरी नाही. मला रडू कोसळलं. दीड वर्ष आपण मूल कुणाच्या हाती दिलं, या विचाराने झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात गेले. "असं कुणी विचारत नाही हो," क्लार्क म्हणाले. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. मुलाच्या विशेष शिक्षिकेची शैक्षणिक पात्रता आणि सीआरआर नंबर लेखी मिळावा, एवढंच. पोच घेतली. पोच घ्याच, कारण शिक्का बसला की कागद पुढे सरकतो.

चार दिवसांनी मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅडम प्लास्टिकची निळी फाईल घेऊन आल्या होत्या. प्रमाणपत्र खरं होतं, मुदतही शिल्लक होती, फक्त नाव माहेरचं होतं. लग्नानंतर त्यांनी ते बदलून घेतलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना खोटं ठरवून मोकळी झाले होते. त्यांची माफी मागितली, आणि मगच पात्रतेची ओळ नीट वाचली. बी.एड. स्पेशल, श्रवणदोष.

तेव्हा ते ओठांचं कोडं उलगडलं. कर्णबधिर मुलांना शिकवायचं जे शिक्षण त्यांनी मनापासून घेतलं होतं, तेच त्या माझ्या मुलावर वापरत होत्या. त्याला तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणंच जड जातं. मी विचारलं तेव्हा त्या खाली बघून म्हणाल्या, "मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ऑटिझमचं माझं प्रशिक्षण नाही." सांगितलं होतं ते शाळेला. आमच्यापर्यंत ते कुणी पोचवलंच नाही. याचा मला आजही राग येतो.

म्हणून आता मी पालकांना सांगते, नंबर विचाराच, पण तिथेच थांबू नका. कोणत्या दिव्यांगत्वाचं शिक्षण घेतलंय, ते विचारा. बी.एड. स्पेशलमध्ये श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा असतो. नाव सापडलं नाही तर माहेरचं नाव टाकून बघा. किंवा सरळ नंबरच मागा.

पुढचा अर्ज आम्ही सहा पालकांनी मिळून दिला. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालाचा उल्लेख केला. सर्वसाधारण शाळांत प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, असं प्रमाण त्यात दिलंय. शाळेने दोन महिने घेतले. जूनपासून आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या शिक्षिका येतात. त्यांचं बी.एड. ऑटिझममधलं आहे. पहिल्या भेटीत त्यांनी नंबर न मागता लिहून दिला आणि घरच्या पट्टीतली चित्रं मागून घेतली.

आधीच्या मॅडम शाळेतच आहेत, आणि त्या राहाव्यात असंच मला वाटतं. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. परवा गेटवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात तीन दिवस नसेन, सीआरईला जातेय. विषय त्यांनी ऑटिझमचा निवडलाय.