लष्करी ट्रकचा रंग खरवडण्याआधी जरा थांबा

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकांचं वेड असलेली माणसं गप्पा मारायला बसली की विषय फिरून फिरून १९४४ वरच येतो, कुठल्या तुकडीत होता, त्या जूनमधल्या स्वारीत फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरला होता का, बोनेटवरचा नंबर खरा की नंतर रंगवलेला. मलाही हे सगळं जाम आवडतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. आज आपल्यासमोर जो ट्रक उभा आहे तो लढाई जिंकल्यामुळे वाचलेला नाहीये, लढाई संपल्यावर कुणीतरी त्याला कामाला जुंपलं म्हणून वाचलाय, आणि आपण रिस्टोरेशन करताना नेमकं तेच आयुष्य पुसून टाकतो.

आधी बनले किती ते बघा. अमेरिकेचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू, तो अडीच टनी सिक्स बाय सिक्स, म्हणजे सगळ्या चाकांना इंजिनचा जोर मिळणारा, एकटाच साडेपाच लाखांच्या वर बनला. स्टुडबेकरचा यूएस सिक्स दोन लाखांच्या आसपास, त्यातले बरेचसे लेंड-लीजमधून, म्हणजे अमेरिकेच्या मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याच्या योजनेतून, सोव्हिएत रशियाला गेले आणि तिथे त्यांच्या पाठीवर कात्युशा रॉकेट बसली. कॅनडाने तर ट्रक आणि इतर मिळून आठ लाखांच्या वर लष्करी गाड्या बनवल्या, त्यात फोर्ड आणि शेवरोलेचे ते बसक्या नाकाचे सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) ट्रक. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समधून रेड बॉल एक्सप्रेस नावाची जी अमेरिकन सैन्याची मालवाहू ट्रकांची रांग धावली तिच्यात ऐन भरात सहा हजाराच्या आसपास ट्रक होते, दिवसाला साडेबारा हजार टन माल जायचा, आणि चार ड्रायव्हरमागे तीन कृष्णवर्णीय होते, ज्यांना त्यांच्याच सैन्यात वेगळं ठेवलं जात होतं. रात्रंदिवस ओव्हरलोड गाड्या पळवून पुढच्या फौजेला पेट्रोल त्यांनी पोचवलं. ट्रकवर लिहिताना त्यांचा उल्लेख टाळणं मला तरी जमत नाही.

मग युद्ध संपलं आणि प्रश्न आला की एवढ्या गाड्यांचं करायचं काय. पॅसिफिकमध्ये एस्पिरितू सांतो बेटावर अमेरिकन लोकांनी ट्रक, बुलडोझर, काय काय सरळ समुद्रात लोटून दिलं, त्या जागेचं नावच मिलियन डॉलर पॉइंट पडलं आणि आज लोक तिथे डायव्हिंगला जातात. बाकी ठिकाणी भंगारात गेले, लिलावात गेले, दुसऱ्या देशांच्या सैन्यांकडे गेले. फ्रेंच सैन्याने जीएमसी इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, वापरले आणि त्यानंतरही बरीच वर्षं वापरले. ऑस्ट्रेलियात सीएमपीला लोक ब्लिट्झ म्हणतात, तिथे शेतावर त्याला क्रेन बसवली, पाण्याची टाकी बसवून वणवे विझवायला नेला, जंगलातून ओंडके ओढायला लावला. ब्रह्मदेशात लाकडाच्या धंद्यात हे ट्रक कित्येक दशकं राबत राहिले. युद्धात चार-पाच वर्षं आणि नंतर तीस-चाळीस वर्षं ओझी वाहणं, हिशोब केला तर खरं आयुष्य कुठलं म्हणायचं?

आणि या दुसऱ्या आयुष्यात ट्रक बदलतोच. युद्धातच स्टील वाचवायला जीएमसीचा हौदा लाकडी केला होता आणि बंद केबिनच्या जागी कॅनव्हासचं छप्पर आलं होतं, ते लाकूड कुजलं की नंतरच्या मालकाने हाताशी जे होतं ते ठोकलं. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्ट आली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन घातलं. कुणी चासी कापली, कुणी वाढवली. शुद्ध मूळ रूपाचा आग्रह धरणारे याला गाडीची वाट लावली म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण हे केलं नसतं तर तो ट्रक कधीच वितळवला गेला असता.

आता रंगाचं बघा, माझा जीव खरं तर यातच अडकलाय. अमेरिकन गाड्यांच्या बोनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी नंबर असायचा, सुरुवातीला तो मळकट निळ्या रंगात, नंतर पांढऱ्या. तो शोधायचा तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच जागी हलक्या हाताने फिरवत राहायचं, घाई केली की संपलं. आधी वरचा कुणीतरी ब्रशने मारलेला हिरवा जातो, त्याखाली अग्निशमनवाल्यांचा लाल दिसतो, लालखाली राखाडी प्राइमर, मग दुसऱ्या सैन्याचा वेगळाच हिरवा, त्याच्याखाली तो मॅट ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे युद्धातला मूळ मळकट हिरवा, आणि नशीब असेल तर त्यात एखाद्या आकड्याची निळसर कड दिसायला लागते. ती कड दिसली की आजूबाजूचे सगळे गप्प होतात. पण माझं म्हणणं असं की त्या वाटेत जो लाल गेला तोही पुरावाच होता ना. आणि सॅंडब्लास्टिंग केलं तर लालही जातो आणि नंबरही, हातात येतो नुसता कोरा पत्रा.

लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा, म्हणजे वाळवंटात लांबवर टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश सैन्याच्या तुकडीचा, एक शेवरोले ट्रक ठेवलाय, लिबियाच्या वाळवंटात कित्येक दशकं पडून होता, तो त्यांनी रंगवला नाही, गंजलेला जसा सापडला तसाच ठेवला. माझ्या मते हा अतिशय योग्य निर्णय होता.

अर्थात जो ट्रक रस्त्यावर पळवायचाय त्याला हे जसंच्या तसं लागू नाही. ब्रेकच्या बाबतीत भावनेला जागा नाही, एकच सर्किट असतं, एक व्हील सिलिंडर गळला की सगळेच ब्रेक गेले, तेव्हा सिलिंडर, पाइप, होज सगळं नवीन. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं त्यामुळे फ्युएल लाइन आणि पंपाचा डायफ्रॅमही बदला. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, कॉम्प्रेसरने हवा मारून धूळ उडवू नका. आणि दोन तुकड्यांची रिम असेल तर नटांना हात लावण्याआधी टायरची हवा पूर्ण काढा, वॉल्व्हची पिन बाहेर काढून. दोन तुकडे धरून ठेवणाऱ्या नटांना लाल रंग द्यायची पद्धत होती ती याचसाठी, चाक काढायचे नट समजून हवेसकट ते ढिले केले तर रिम उडते आणि माणूस जातो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने सगळंच एका रंगात रंगवलेलं असतं त्यामुळे लाल दिसेलच असं नाही, म्हणून डबल चेक.

इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांना पूर्ण न्याय द्या, पण पत्र्याशी जपून. जिथे पत्राच उरला नाहीये तिथे नवीन घालून १९४४ चा रंग मारला तर माझी काही तक्रार नाही, जूनमध्ये नॉर्मंडीच्या रस्त्यांवर अशा गाड्या रांगेने जाताना बघणं हा वेगळाच आनंद आहे. पण जिथे थर शिल्लक आहेत तिथे निदान दाराच्या आतला एखादा चौकोन तरी न खरवडता ठेवा, प्रत्येक थराचे फोटो काढा, काढलेल्या पार्टला चिठ्ठी बांधून ठेवा. डॅशबोर्डवरच्या मूळ प्लेटशेजारी डेपोत रिबिल्ड झाल्याची प्लेट असेल तर ती मूळ नाही म्हणून काढू नका. जुना मालक किंवा ड्रायव्हर हयात असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन बसा. चासीवर जी जास्तीची भोकं दिसतात ती पुट्टी भरून बुजवण्याआधी त्यालाच विचारा, इथे काय बसवलं होतं.