आहुप्याची देवराई: उन्हाळ्यात जा आणि निवांत बसा

आहुप्याला जाणारे बहुतेक जण जुलै-ऑगस्टमध्ये जातात. धुकं, धबधबे, चिखल, कड्यावर उलटी होणारी छत्री, ही मजा तेव्हाचीच. माझा सल्ला मात्र उलटा आहे. देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, बघायची असेल तर मार्चअखेरीला किंवा एप्रिलमध्ये जा. पठारावरचं गवत तेव्हा वाळून पिवळं पडलेलं असतं, ऊन पाठीला चटके देत असतं आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा एक गर्द हिरवा तुकडा उभा असतो. पावसाळ्यात सगळाच डोंगर हिरवा. देवराई कुठली आणि साधी झाडी कुठली हे नवख्याला कळतही नाही. एप्रिलमध्ये लांबूनच कळतं.

आहुपे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. गावाच्या पलीकडे कडा तुटतो आणि खाली कोकण सुरू होतं. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर गाठायचं, तिथून घोडेगाव, मग डिंभे धरण आणि पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत थेट आहुपे. पेट्रोल, रोकड, औषधं, जे काय लागेल ते घोडेगावातच घ्या. डिंभ्यानंतर मोबाईलची रेंज आली तर आली. एसटीने जाता येतं, पण गाड्या मोजक्याच आहेत आणि वेळा बदलत असतात. मंचरच्या बसस्थानकावर जातानाची विचारालच, परतीची आवर्जून विचारा. ती चुकली तर मुक्कामच.

डिंभ्याचा जलाशय रस्त्याची बरीच सोबत करतो. घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झालेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गावच या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठचे मातीचे पट्टे उघडे पडतात आणि तिथून बैलगाडीची जुनी वाट कुठून जात असेल याचा अंदाज बांधत बसायला होतं. गाडी चालवणाऱ्याने बांधू नये, वळणं वाईट आहेत.

गावात शिरताना पहिल्यांदा दिसतो तो बाळहिरडा. घरांसमोर, सारवलेल्या अंगणात, जिथे सपाट जागा मिळेल तिथे कोवळे हिरडे वाळत घातलेले असतात. पिकायच्या आत झाडावरून उतरवलेली ही फळं सुरकुतून काळी पडली की व्यापाऱ्याला जातात. या भागातल्या महादेव कोळी घरांना वर्षातली रोख रक्कम बऱ्याच अंशी यातूनच मिळते. तेव्हा गाडी लावताना जरा बघा. मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असं नाही. आमच्यापुढच्या एका गाडीने वळवता वळवता वाळवणाची कड चिरडली आणि वर काच खाली करून ‘इथे पार्किंग कुठे आहे?’ असं विचारलं. त्या घरातली बाई काही बोलली नाही. बोलली असती तरी चाललं असतं.

देवराई भैरवनाथाची. वाट सापडायला अवघड नाही, तरी गावातलं कुणीतरी सोबत घ्याच. एक तर आत पायवाटा फुटतात, आणि दुसरं म्हणजे ही गावाच्या देवाची जागा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. कुणाला न विचारता आत शिरणं बरं दिसत नाही. आम्हाला एक मामा भेटले, हातात कोयता, डोक्याला टोपी. माझ्यासोबत सत्तरीची आई होती, तिच्याकडे बघून म्हणाले, ‘आई, चालवंल का? लांब न्हाई. सावलीसावलीनं जाऊ.’ खरंच, चाल सोपी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, एवढंच.

कोयता मात्र मामांनी देवराईच्या अलीकडे एका झुडपात खोचून ठेवला. ‘तिथं काय तोडायचं न्हाई, मग कशापायी न्यायचा?’ इथला नियम एवढाच आणि तो सगळ्यांना लागू. ओली फांदी सोडाच, वाळून पडलेलं लाकूडही चुलीला न्यायचं नाही. ज्या गावात सरपण डोंगर उतरून-चढून आणावं लागतं, तिथे हे पाळणं किती जड जात असेल याचा विचार करा. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचं रान कोळशासाठी, लाकडासाठी, शेतीसाठी तुटत गेलं तेव्हा देवाच्या नावावरचे हे तुकडेच कसे उरले, हे त्यातून अभ्यासकांसमोर आलं. या भागातलं भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५ साली. या राया त्याच्या कितीतरी आधीपासून राखलेल्या आहेत, आणि त्या राखायला कुणी रक्षक नेमलेला नव्हता.

आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा कळतो तो गारवा. उन्हातून आलेल्या डोळ्यांना काही क्षण नीट दिसतच नाही. मग हळूहळू खोडं दिसू लागतात, मग वेली, मग पानांवर पडलेले कवडसे. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर. वरचा थर कुरकुरीत, पण बोटभर उकरलं की खालची माती काळी आणि ओलसर. शेवटचा पाऊस पडून गेल्याला सहा महिने होत आले होते, तरी ही ओल. झाडं मुख्यतः अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा, म्हणजे घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानातली. अंजनी या दिवसांत फुलते. तिची फुलं शेंड्यावर शोधू नका. ती थेट काड्यांना आणि जुन्या फांद्यांना चिकटून येतात, निळ्या-जांभळ्या रंगाचे बारीक बारीक झुबके. एक फूल तळहातावर घेतलं तर ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं. पण सगळं झाड फुललं की खोडाला कुणी निळीचा हात पुसलाय असं वाटतं.

आणि गारंबी. ही वेल बघण्यासाठी तरी इथे यावं. जमिनीलगत तिचं खोड मांडीएवढं जाड, पिळे पडलेलं. ते कुठून निघालं आणि कुठल्या झाडावर गेलं याचा माग काढत मी मान वर करून बराच वेळ फिरले आणि शेवटी सोडून दिलं. एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, मध्येच जमिनीला टेकून पुन्हा वर. शेंगा हातभराहून लांब, चपट्या, प्रत्येक बी स्वतंत्र कप्प्यात. खाली पडून फुटलेल्या एका शेंगेत बी होती: तपकिरी, गुळगुळीत, तळहातात मावणारी, पॉलिश केल्यासारखी चमक. खिशात टाकायचा मोह होतोच. टाकू नका. दहा जणांनी दहा बिया नेल्या तरी काय बिघडलं, असं वाटतं खरं, पण सुट्टीत इथे दहाच जण येत नाहीत.

आता मुद्द्याचं. देवराई फिरून ‘करायला’ गेलात तर पाऊण तासात संपते आणि झाडीच तर आहे, असं म्हणत परत याल. इथे बसायला जा. मोठ्या खोडाशी पाठ टेकवून, बोलणं बंद करून, अर्धा तास तरी. मामांचं म्हणणं, ‘आपुन गप बसलं का त्येच येतंय.’ ‘त्ये’ म्हणजे शेकरू, झाडांवर राहणारी मोठी खार. आधी आवाज आला, ठोके दिल्यासारखा खडा, घुमणारा. मग वर फांद्या हलल्या. अंगाने तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपटी अंगापेक्षा लांब आणि तिचं टोक पांढुरकं. मागच्या पायांनी फांदी धरून ते उलटं लोंबकळलं आणि पुढच्या दोन पायांत धरलेली कैरी कुरतडायला लागलं. सालीचे तुकडे खाली आमच्या पुढ्यात पडत होते. आईने माझा दंड घट्ट धरला होता आणि हसू दाबत होती. एका झाडावर काड्या-पानांचा मोठा गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कुणी आहेच असं नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर बसा. भर दुपारी ते सुस्तावलेलं असतं. पाखरांचंही तेच. रानकोंबडा पहाटे ओरडतो, दिसतो क्वचित.

धोकेही आहेत, पण घाबरण्यासारखे नाहीत. उन्हाळ्यात सगळ्यात सतावते ती खाजकुयली. मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगांचे घोस वाटेच्या कडेला लटकत असतात आणि बघून हात लावावासा वाटतो. त्यावरची कुसं अंगाला लागली की खाज असह्य होते. चोळू नका, चोळल्याने ती पसरतात. चिकटपट्टी अंगावर दाबून उचलली की बरीचशी निघतात. पिशवीत एक रीळ टाकून ठेवा. दुसरी गोष्ट, आधारासाठी फांदी धरण्याआधी नीट बघा. हिरवा चापडा, म्हणजे फांदीवर वेटोळं घालून बसणारा विषारी साप, या रानात आहे आणि तो पानांत बेमालूम मिसळतो. तिसरी आग्यामोहोळं. अत्तर, डिओ फासून जाऊ नका, आरडाओरडा नको, आणि आत किंवा जवळपास विडी-सिगारेट अजिबात नको. एप्रिलमधलं वाळलेलं गवत एका ठिणगीची वाट बघत असतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट आणि मोज्यात खोचलेल्या कडा. गुरं चरतात तिथे गोचिड्या असतात. मुक्कामी पोचलं की अंग तपासा.

पावसाळ्यात इकडच्या रानात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते, त्यासाठी रात्री येणारे पुष्कळ झालेत. ती खरोखर बघण्यासारखी असते. पण रात्री अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तसं शिरता येत नाही आणि पावसाळ्यात वनखात्याचे, जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेशही निघतात. निघण्याआधी चौकशी करा. बॅटऱ्यांचे झोत मारत वीस जण गेले तर तसाही तो मंद उजेड दिसत नाही.

देवराईनंतर संध्याकाळी कड्यावर जा, तेवढं चुकवू नका. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली मुरबाडकडचा मुलूख. आहुपे घाटाची जुनी पायवाट इथूनच खाली उतरते. ती उतरायचा विचार असेल तर भल्या पहाटे सुरुवात करा, पाणी भरपूर घ्या आणि वाटाड्याशिवाय जाऊ नका. एप्रिलच्या दुपारी उघड्या सोंडेवर सापडलात तर हाल होतात. कड्याच्या अगदी टोकाशी बारीक खडी आहे, पाय सरकतो. फोटो दोन पावलं मागूनही चांगला येतो.

मुक्काम गावातल्या घरीच होतो. आदल्या दिवशी कळवलंत तर जेवण मिळतं: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. एप्रिल-मेमध्ये गावालाच पाण्याची चणचण असते, म्हणून पिण्याचं पाणी स्वतःचं न्या आणि अंघोळीला बादलीवर बादली मागू नका. पैसे किती द्यायचे ते आधीच ठरवून घ्या, सोबत येणाऱ्या वाटाड्याचेही. भिडेखातर ते काही बोलत नाहीत आणि मग आपण कमी देऊन मोकळे होतो. कचऱ्याची पिशवी परत न्यायची. देवळाजवळ चपला काढायच्या.

परत निघताना जमल्यास बाळहिरडा सरळ एखाद्या घरातूनच घ्या. पोटासाठी घरात असलेला बरा. आणि धरणाकाठचा रस्ता अंधार पडायच्या आत उतरा. रात्री वळणावळणांवर गुरं बसलेली असतात आणि काळ्या म्हशी दिव्याच्या उजेडात अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.