राणीचा दुखवटा आणि ठाण्याचा तुरुंग

रविवार, ११ सप्टेंबर २०२२ रोजी भारत सरकारने ब्रिटनच्या राणीसाठी देशभर एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला, आणि तो दिवस मी ठाण्यात काढला. नाशिकहून निघताना डोक्यात फक्त नौपाड्यातल्या मावशीचा दहा दिवसांचा गणपती होता. गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास, दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाची आवराआवर चालू असताना, एलिझाबेथ दुसरी बाल्मोरलला वारल्याची बातमी आली. वय ९६, राज्यकाल ७० वर्षांचा. शुक्रवारी अनंत चतुर्दशी. ढोलताशांच्या त्या आवाजात लंडन कोणाला ऐकू येणार? पण रस्ते झाडून झाले, मांडवांचे बांबू उतरू लागले, तसा मावशीच्या घरात राणीचा विषय निघाला आणि मी परत निघेपर्यंत तो मिटला नाही.

याचे कारण काका. त्यांची सारी हयात राष्ट्र सेवा दलात आणि समाजवाद्यांच्या सभांमध्ये गेली. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा इंदिराबाईंशी वैर असूनही त्यांनी आळीत पेढे वाटले होते, असे मावशी सांगते. जन्माने मिळालेली सत्ता हा त्यांच्या लेखी गुन्हाच. असा माणूस गुरुवारी रात्री दोन वाजेपर्यंत दूरदर्शन संचासमोरून हलला नाही. ‘‘बाईने मंगळवारी नवी पंतप्रधान नेमली आणि गुरुवारी गेली. शहाण्णवाव्या वर्षी!’’ हे ते कौतुकाने म्हणाले, आणि लगेच स्वतःवरच चिडून पुढे म्हणाले, ‘‘पण पंतप्रधान नेमायचा अधिकार तिला दिला कोणी?’’

मावसबहीण ठाण्याच्या न्यायालयात वकिली करते. तिला यातले काहीच मानवत नव्हते. १९५२ च्या फेब्रुवारीत वडील वारले तेव्हा एलिझाबेथ केनियात होती, म्हणजे ती राणी झाली तीच आफ्रिकेच्या भूमीवर. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच केनियात आणीबाणी लागली आणि तिच्या नावाने चालणाऱ्या राजवटीने हजारो लोकांना छावण्यांत डांबून त्यांचा छळ केला. ब्रिटिश सरकारने त्यांतल्या ५,२२८ जणांना भरपाई द्यायचे कबूल केले ते २०१३ साली. १९९७ मध्ये राणी जालियनवाला बागेत आली, पुष्पचक्र वाहिले, माफी मागितली नाही. ‘‘मला तिच्या जाण्याचे सुख नाही की दुःख नाही,’’ बहीण म्हणाली, ‘‘पण दुःख नाही हे मोठ्याने म्हणायची चोरी झाली आहे, त्याचा राग येतो.’’ त्यावर मावशीने तिला गप्प केले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, त्यात पितृपक्ष लागला, एवढेच तिचे म्हणणे.

रविवारी सकाळी मी आणि बहीण बाहेर पडलो. तुरुंगाची भिंत बघायची हे मी नाशिकहूनच मनात धरले होते. मावशीने वाटेतले एक काम गळ्यात मारले. गोखले रस्त्याने स्टेशनकडे आणि तिथून जांभळी नाक्याकडे, अशी आमची वाट होती. स्टेशनाजवळ आले की कोणीतरी १६ एप्रिल १८५३ ची आठवण काढतेच: बोरीबंदर ते ठाणे, देशातली प्रवाशांची पहिली गाडी, चौदा डबे, तीन इंजिने. ‘इंग्रजांनी निदान रेल्वे तरी दिली’ हे वाक्य तर त्या आठवड्यात घरोघरच्या मोबाइलवर फिरत होते. त्या रेल्वे कंपनीच्या लंडनमधल्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि ती हमी हिंदुस्थानच्या तिजोरीवर होती, हे मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

जांभळी नाक्यावरचे काम असे: लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचा मावशीकडचा राणीछाप रुपया दिवाळीआधी उजळून आणायचा होता. पितृपक्षात सोने-चांदी घ्यायला कोण येणार? पेढी रिकामी होती आणि सराफ गप्पांना मोकळे होते. त्यांनी नाणे इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. साडेअकरा ग्रॅमला जरा कमी भरले. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, बाकीचे शंभर-सव्वाशे वर्षांच्या हळदीकुंकवात आणि चिंचेच्या घासणीत गेले. व्हिक्टोरियाचे नाक आणि गाल सपाट झाले आहेत. मुकुटाची नक्षी मात्र बोटाला अजून लागते. सराफांनी भिंग दिले आणि कडेची अक्षरे दाखवली. या नाण्यावर नावापुढे ‘एम्प्रेस’ आहे, म्हणजे ते १८७७ नंतरचे. आधीच्या रुपयावर नुसते ‘क्वीन’ असते. ‘‘चांदी एक्क्याण्णव टक्के, खोट नाही,’’ ते म्हणाले, आणि नाणे पुडीत बांधता बांधता पुढे म्हणाले, ‘‘ह्यांना सांगा, आता तरी कोहिनूर परत करा म्हणावं.’’

तनखे बंद झाले म्हणून पेढे वाटणाऱ्या माणसाच्या घरी दर आश्विन अमावास्येला सम्राज्ञीच्या मुखवट्यावर हळदकुंकू वाहिले जाते, आणि काकांना त्यात कधी विसंगती दिसलेली नाही. खरे म्हणजे ती नाहीच. मावशी चांदीची पूजा करते. वरचे तोंड कोणाचे याच्याशी तिला देणेघेणे नाही. राजेशाहीच्या विरोधकांना माणूस आणि मुकुट असा वेगळा काढणे इतके सोपे जात नाही, कारण राजेशाही ही संस्थाच दोन्ही एक मानण्यावर उभी आहे. पंतप्रधान वारला तर पद रिकामे होते आणि ते कोणी भरायचे याची चर्चा होते. राजा वारला तर पद क्षणभरही रिकामे राहत नाही. चार्ल्स राजा झाला तो आईने शेवटचा श्वास घेतला त्याच क्षणी, शनिवारी लंडनमध्ये झाली ती फक्त घोषणा. म्हणजे ‘हा राजा कशासाठी?’ हे विचारण्याची वेळ नेमकी तीच असते, जेव्हा घरात सुतक असते आणि विचारणारा निर्दय ठरतो.

मासुंदा तलावाला वळसा घालताना पालिकेने विसर्जनासाठी केलेले कृत्रिम हौद रिकामे करण्याचे काम चालू दिसले. कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडून आम्ही कोर्ट नाक्याकडे निघालो.

जिल्हाधिकारी कार्यालयावरचा तिरंगा अर्ध्यावर होता. नियमाप्रमाणे असा ध्वज आधी पूर्ण टोकापर्यंत चढवतात आणि मग अर्ध्यावर आणतात. सकाळी ते झालेले असणार. रविवार असल्यामुळे आवारात वर्दळ नव्हती आणि वर बघणारे आम्ही दोघीच. एलिझाबेथ भारताची राणी कधीच नव्हती, हे इथे सांगायला हवे. आपण प्रजासत्ताक झालो १९५० साली, ती गादीवर आली १९५२ साली. पाकिस्तानची ती १९५६ पर्यंत राणी होती, आपली एक दिवसही नाही. तरी ध्वज उतरला, आणि मित्रराष्ट्राच्या प्रमुखासाठी तो उतरवण्याचा शिष्टाचार मला चुकीचा वाटत नाही. काकांचे मत वेगळे. गुरुवारी संध्याकाळी दिल्लीत राजपथाचे ‘कर्तव्यपथ’ झाल्याचा सोहळा झाला, जिथे एकेकाळी पाचव्या जॉर्जचा पुतळा होता त्या छत्रीखाली नेताजींचा पुतळा बसला, गुलामीची खूण पुसली अशी भाषणे झाली, आणि काही तासांतच ही बातमी आली. ‘‘गुरुवारी राजाची पाटी काढली, रविवारी राणीसाठी झेंडा खाली घेतला,’’ असे ते सकाळी चहा घेताना म्हणाले होते.

नाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे, हा घटना समितीतला त्यांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा आपण दरवर्षी छापतो. राजांच्या बाबतीत मराठी माणसाची भावना तरी कुठे सरळ आहे? शिवछत्रपतींचे नाव आले की मी उभी राहते, ६ मे रोजी शाहू महाराजांना मनापासून अभिवादन करते, आणि वंशपरंपरेला माझा विरोध आहे असेही म्हणते. त्यातल्या त्यात समाधान एवढेच की साताऱ्या-कोल्हापूरच्या गाद्यांचे वारस आता निवडणुकीला उभे राहतात, आणि पडतातही.

तिथून तुरुंग जवळच आहे. हा मुळात पोर्तुगीजांनी सुरू केलेला किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ साली पळाले ते इथूनच. बाहेरून दिसते ती काळ्या दगडाची उंच भिंत, वर तारा, कोपऱ्यावर पहारा. छायाचित्र काढायला मनाई आहे, त्यामुळे या मजकुराबरोबर ते नाही. आम्हा नाशिककरांच्या दृष्टीने ही भिंत परकी नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे, आणि त्याच्याबरोबर कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच भिंतीआड फाशी दिले. कान्हेरे अठरा वर्षांचा होता.

ज्याच्या नावाने ही शिक्षा झाली तो सातवा एडवर्ड त्यानंतर सतराव्या दिवशी, ६ मे १९१० रोजी, लंडनला वारला. ठाण्यातल्या सरकारी इमारतींवरचा झेंडा तेव्हाही अर्ध्यावर आला असणार. त्याच वर्षी फेब्रुवारीत वृत्तपत्रांना वेसण घालणारा नवा प्रेस कायदा झाला होता. सम्राटाच्या निधनावर छापून येण्याजोगी भावना तेव्हा एकच होती. बहीण भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘आम्ही आजही कोर्टात जुन्या निकालांचे दाखले देतो ना, त्यांच्यावर ‘एम्परर विरुद्ध अमुक’ असंच असतं. टिळकांचा खटलासुद्धा ‘एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’. तिथे माणूस कुठला एम्परर, हे कोणी विचारत नाही. नुसतं पद येऊन उभं राहतं.’’ मला वाटते, तिला दुःख का होत नाही याचे उत्तर तिच्या त्या वाक्यात होते. तिने राणीला कायम फिर्यादी म्हणूनच वाचले आहे.

संध्याकाळी काकांना लंडनहून सेवा दलातल्या एका धाकट्या मित्राचा फोन आला. हे गृहस्थ तिथल्या राजेशाहीविरोधी सभांना वर्षानुवर्षे जात आले आहेत. बातमी कळली तेव्हा स्वयंपाकघरात उभे राहून रडलो, असे ते म्हणाले, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. त्यांची आई राणीच्याच वर्षी, १९२६ साली जन्मलेली, दोन वर्षांपूर्वी गेलेली. तिकडच्या नोटांवर, टपालाच्या तिकिटांवर आयुष्यभर तोच एक चेहरा पाहिलेला. तो आता बदलणार म्हणजे आपलेही बरेचसे संपले, असे त्यांना वाटले. काका बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘रड रे. रडायला कोणाची बंदी नाही. फक्त रडणं संपेपर्यंत दुसरा बसलेला असेल, एवढं ध्यानात ठेव.’’

तिकडची ‘रिपब्लिक’ ही राजेशाहीविरोधी संघटनाही पहिले काही दिवस मोहीम थांबवून स्वस्थ होती. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज स्वतः प्रजासत्ताकाचे पुरस्कर्ते, त्यांनी मंत्रिमंडळात त्यासाठी वेगळा सहायक मंत्री नेमला होता. तेही ही वेळ नव्हे म्हणाले आणि दुखवट्याची सुट्टी जाहीर करून मोकळे झाले. मला यात ढोंग दिसत नाही, सभ्यपणा दिसतो. पण या सभ्यपणाची किंमत एकाच बाजूने मोजावी लागते, कारण त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचे घोषणावाचन, तोफा आणि मिरवणुका थांबलेल्या नसतात.

सोमवारी सकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना फोनवर बातमी दिसली. नव्या राजाची घोषणा ऑक्सफर्डमध्ये वाचली जात असताना ‘याला निवडले कोणी?’ असे ओरडून विचारणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतले होते. एडिंबरामध्ये राजेशाही रद्द करा असा फलक धरलेल्या एका तरुणीलाही पकडले होते. मी वाचून दाखवले तसे काकांनी चष्मा मागितला, स्वतः वाचले, आणि वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहायला बसले. पहिल्या वाक्यात एका वृद्ध स्त्रीच्या निधनाबद्दल तिच्या कुटुंबीयांविषयी सहानुभूती, दुसऱ्यात त्या दोघांच्या अटकेचा निषेध, तिसऱ्यात राजा नावाच्या पदालाच विरोध. मी सही केली. बहीण म्हणाली, पहिले वाक्य काढा, मग करते. काकांनी ते काढले नाही, आणि तिने सही केली नाही. मावशीने मध्ये पडून डबा माझ्या हातात दिला, आणि रिक्षा मिळायला वेळ लागतो म्हणून मला लवकर बाहेर काढले. जिना उतरतानाही दोघांचे चढलेले आवाज खाली ऐकू येत होते.